रस्ता कोणाचा, हिशेब कोणाचा? वसंतराव नाईकांनी घालून दिलेली घडी



दरवर्षी १ जुलैला पंचायत समितीच्या सभागृहात कृषी दिन साजरा होतो. फोटोला हार घालतात, दोन-चार भाषणं होतात, चांगलं पीक काढणाऱ्या शेतकऱ्यांना शाल-श्रीफळ मिळतं आणि चहा घेऊन मंडळी पेरणीच्या घाईनं घरची वाट धरतात. फोटो असतो वसंतराव नाईकांचा. भाषणात संकरित ज्वारी येते, हरितक्रांती येते, कृषी विद्यापीठं येतात. ते सगळं खरंच आहे. पण ज्या पंचायत समितीच्या छपराखाली आपण बसलेलो असतो, तिची आजची घडी याच माणसाच्या अहवालातून आली, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही. आज त्याबद्दल थोडं सांगायचं आहे.

निमित्त घडलं ते असं. एका पावसाळ्यात वाळूजच्या बाजूच्या एका गावात गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. चाळीतला उन्हाळी कांदा टेम्पोत भरून एक शेतकरी मोंढ्याकडे निघाले होते. मोठा रस्ता अवघा दीड-दोन किलोमीटरवर, पण मधल्या वाटेत टेम्पो एक्सलपर्यंत रुतला. ट्रॅक्टर बोलावून तो ओढून काढेपर्यंत दुपार कलली, लिलाव संपला आणि माल दुसऱ्या दिवसावर गेला. वरून रात्रभर पाऊस. त्या दादांनी मला एकच विचारलं, साहेब, हा रस्ता नेमका कुणाचा? ते तीन कार्यालयांत जाऊन आले होते. प्रत्येकानं दुसऱ्याचं नाव सांगितलं होतं. मी शेतीचा माणूस, पदविका शेतीची. मलाही उत्तर देता आलं नाही. मग कागद चाळले, जुन्या लोकांना विचारलं, आणि शोधता शोधता गाडी वसंतराव नाईकांपाशी येऊन थांबली. ती कशी, हे ओळीनं सांगतो.

गहुलीचा मुलगा

वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ चा. गाव गहुली, तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ. बंजारा समाजातलं शेतकरी घर. तांड्यावर शाळा नव्हती, म्हणून आसपासच्या गावांना जाऊन लहानपणीचं शिक्षण झालं. पुढं नागपूरला हायस्कूल, मग मॉरिस कॉलेज, आणि १९४० साली वकिलीची परीक्षा पास. अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली काही काळ काम केलं आणि नंतर पुसदला स्वतःची वकिली सुरू केली. १९४१ साली नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय लग्न केलं. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. दोन्हीकडचा रोष सोसून त्यांनी संसार केला.

कोर्टात येणारी कुळं बहुतेक शेतकरीच. सावकाराचे कागद, बांधाची भांडणं, वहिवाटीच्या वाटा. शेतकऱ्याचं दुखणं कागदात कुठं अडकतं, हे वकिलाइतकं कुणाला कळत नाही. आपल्याकडेही तालुक्याच्या कोर्टात निम्मे दावे बांधाचे आणि वाटेचेच दिसतात.

पुसदची नगरपालिका

१९४६ साली ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. पुढं अकरा वर्षं मुख्यमंत्रिपद सांभाळणाऱ्या या माणसाचा कारभाराचा पहिला धडा एका तालुक्याच्या गावातल्या नळ, गटार, दिवाबत्ती आणि रस्त्यांचा होता, हे ध्यानात ठेवा. नगरपालिकेत बसलेल्या माणसाला दोन गोष्टी पक्क्या कळतात. एक, लोक दारात येऊन रस्ता मागतात. दोन, तिजोरीत किती आहे हे आधी पाहावं लागतं. मागणी आणि शिल्लक यांची तोंडमिळवणी तिथं रोज करावी लागते.

१९५२ साली ते जुन्या मध्य प्रदेशच्या विधानसभेवर निवडून गेले आणि महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली. विदर्भ आणि आपला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आले. तिथं त्यांनी आधी सहकार आणि मग कृषी खातं सांभाळलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात ते महसूलमंत्री होते.

तीन तऱ्हांचं एक राज्य

आता मुद्द्याकडे येऊ. नवं राज्य एक झालं, पण खेड्यांचा कारभार तीन तऱ्हांचा होता. पश्चिम महाराष्ट्रात १९२३ च्या कायद्याची जिल्हा लोकल बोर्डं. विदर्भात जनपद सभा. मराठवाड्यात हैदराबाद संस्थानाच्या वळणाची जिल्हा मंडळं. प्रत्येकाचे कायदे वेगळे, करांच्या रीती वेगळ्या, रस्त्यांची जबाबदारी वेगळी. एका भागात जे काम बोर्डाचं, ते दुसऱ्या भागात सरकारचं.

त्याआधी १९५७ साली बलवंतराय मेहता समितीनं देशभर तीन पायऱ्यांची पंचायत राज व्यवस्था सुचवली होती. राजस्थाननं १९५९ मध्ये ती सुरू केली. महाराष्ट्रात ती कशी आणायची हे ठरवण्यासाठी २७ जून १९६० ला समिती नेमली गेली, आणि अध्यक्ष झाले महसूलमंत्री वसंतराव नाईक. १५ मार्च १९६१ ला अहवाल आला. त्यात २२६ शिफारशी होत्या. त्यावरूनच महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ तयार झाला आणि १ मे १९६२ पासून तो अमलात आला. २५ जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. आपला औरंगाबाद जिल्हा त्यातलाच एक. तेव्हा जालनाही त्यात होता. जालना १९८१ साली वेगळा झाला.

या अहवालात काही गोष्टी मेहता समितीपेक्षा वेगळ्या होत्या, आणि आपल्या विषयाचं मूळ त्यांच्यातच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे सगळ्यात जास्त अधिकार तालुक्याला न देता जिल्ह्याला दिले. रस्ते, शाळा, दवाखाने चालवायला इंजिनिअर लागतात, हिशेबनीस लागतात, यंत्रं लागतात. एवढी ताकद एकेका तालुक्याकडे नसते.

दुसरी गोष्ट, कलेक्टरला जिल्हा परिषदेबाहेर ठेवलं. कारभार लोकांनी निवडून दिलेल्यांनी करावा, आणि त्यांच्या जोडीला मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून सनदी अधिकारी असावा, अशी रचना केली.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेचं सदस्यपद दिलं नाही. यामुळं गावोगावची नवी माणसं पुढं आली. पुढं महाराष्ट्रात मंत्री झालेले कितीतरी लोक आधी जिल्हा परिषदेत बसलेले होते. मला त्यात आणखी एक फायदा दिसतो. खर्च मंजूर करणारा आणि खर्च तपासणारा एकच माणूस असला की तपासणी लटकी पडते. घरात पोरगाच पैसे खर्च करतो आणि पोरगाच हिशेब लिहितो, तसं होतं. आमदार बाहेर राहिले, म्हणून विधिमंडळाला जिल्हा परिषदेच्या हिशेबाकडे थोडं लांबून, मोकळ्या नजरेनं पाहता येतं.

हिशेब कोण पाहतो?

हे आपण सगळ्यांनी नीट समजून घ्यायला हवं, कारण गावात याबद्दल मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं, तपासणी म्हणजे साहेब आले, जेवले आणि गेले.

जिल्हा परिषदेचा पैसा मुख्यतः सरकारी अनुदानातून येतो. त्याखेरीज जमीन महसुलावरचा स्थानिक उपकर, मुद्रांक शुल्कातला वाटा, स्वतःच्या जागा-गाळ्यांचं भाडं, असं स्वतःचं उत्पन्न असतं. त्याला आपण सेस फंड म्हणतो. या पैशाचा हिशेब कसा लिहायचा, याची लेखा संहिता १९६८ साली आली, म्हणजे नाईकसाहेब मुख्यमंत्री असतानाच. खर्चाचं बिल जिल्हा परिषदेच्या वित्त विभागातून तपासून जातं. वर्ष संपल्यावर स्थानिक निधी लेखापरीक्षा खात्याचे लोक येऊन वह्या पाहतात. या खात्यामागचा कायदा जुना, १९३० सालचा आहे. चूक दिसली की लेखाआक्षेप निघतो. काही आक्षेप कागद दाखवले की मिटतात, काहींत रक्कम वसूलपात्र ठरते.

त्याच्याही वर विधिमंडळाची पंचायती राज समिती असते. तिच्यात विधानसभा आणि विधान परिषद, दोन्ही सभागृहांचे सदस्य असतात. ही समिती लेखापरीक्षणाचे अहवाल घेऊन जिल्ह्यात येते, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि खातेप्रमुखांची साक्ष घेते, तालुक्यात आणि गावात जाऊन कामं पाहते. नंतर मुंबईत त्या त्या खात्याच्या सचिवांची साक्ष होते आणि अहवाल सभागृहापुढं ठेवला जातो. पीआरसी येणार म्हटलं की शाळेला रंग लागतो, दवाखान्याचं अंगण झाडलं जातं आणि धूळ खात पडलेल्या फायली खाली उतरतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. मी आतला माणूस, मला नाकारता येत नाही. पण चार दिवसांसाठी का होईना, वर्षानुवर्षं न मिटलेले आक्षेप त्या धाकानंच निघतात.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. सेस फंडातून अनुदानावर फवारणी पंप वाटायचे होते. पंप वाटले, खऱ्या शेतकऱ्यांनाच वाटले, एक पैसा इकडचा तिकडे केला नाही. पण घाईत काही जणांच्या पोचपावतीवर सह्या घ्यायच्या राहिल्या. लेखापरीक्षणात आक्षेप आला. मग मी सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल घेऊन गावोगाव फिरलो, कुणी शेतात, कुणी लग्नाला गेलेलं, एक जण तर कारखान्यावर ऊसतोडीला गेलेला. सगळ्या सह्या मिळेपर्यंत पोटात गोळा होता. त्या दिवसांत मला लेखापरीक्षकाचा राग यायचा. आज येत नाही. पंप मी दिला हे मला माहीत होतं, पण ज्याचा पैसा होता त्या जनतेला कागदाशिवाय ते कसं कळणार?

रस्त्यांची वाटणी

आता त्या दादांच्या प्रश्नाकडे. रस्ता दिसायला सारखाच, पण कागदावर त्याच्या जाती वेगळ्या असतात. १९४३ च्या नागपूर योजनेत देशातल्या रस्त्यांची प्रतवारी ठरली. आपल्याकडे साधारण मांडणी अशी आहे:

राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या अखत्यारीत.
राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे.
इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे.
गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीकडे.
औद्योगिक वसाहतीच्या आतले रस्ते महामंडळाकडे.
शिवरस्ता, पाणंद, वहिवाटीची वाट यांच्या तंट्यांत अर्ज तहसीलदाराकडे.

वाळूजच्या माणसाला याचं महत्त्व जास्त. इथं पुण्याकडे जाणारा मोठा रस्ता आहे, औद्योगिक वसाहत आहे आणि तिला लागूनच गंगापूर तालुक्यातली शेतीची गावं आहेत. घरापासून मोंढ्यापर्यंत जाताना एक टेम्पो तीन-चार मालकांच्या रस्त्यांवरून जातो. खड्डा एकाच्या हद्दीत आणि अर्ज दुसऱ्याच्या टेबलावर, असं झालं की वर्ष निघून जातं.

शेतवाटेचं एक कलम ध्यानात ठेवा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. अंमल १५ ऑगस्ट १९६७ पासून. तीही नाईकसाहेबांच्या कारकिर्दीतलीच. तिच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. आणि चालू वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली दाद मागता येते.

मुख्यमंत्रिपद आणि बहात्तर

मारोतराव कन्नमवारांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ ला वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले, ते २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत. एवढा मोठा काळ राज्यात दुसऱ्या कुणालाच मिळाला नाही. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली ती याच काळात. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं. २०१३ पासून त्याला त्यांचंच नाव आहे. पंचायत राजचा कारभार कसा चालला, हे तपासायला १९७० साली बोंगिरवार समितीही त्यांच्याच सरकारनं नेमली. आपणच लावलेल्या झाडाला कीड लागली का, हे दुसऱ्याला पाहायला सांगायचं, याला मन मोठं लागतं.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. गावातल्या ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. खडी फोडणं, नालाबांध, पाझर तलाव, रस्त्याचं मातीकाम आणि पोरांच्या हातात सुकडी. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. पोट भरायला काम देण्याची ही रीत पुढं वि. स. पागे यांच्या विचारातून आलेल्या रोजगार हमी योजनेत पक्की झाली. माणसं जगली, हे या कारकिर्दीचं मोठं पुण्य.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या वेळी हजारो हात लावून मातीचे रस्ते झाले. मजुराला काम देणं ही तेव्हाची निकड होती, त्यामुळं मातीकाम झालं, पण कित्येक ठिकाणी वरचं खडीकरण, डांबर आणि मोऱ्या राहून गेल्या. काम संपलं, पाऊस आला, मजूर घरी गेले. रस्ता राहिला, पण त्याला मालक राहिला नाही.

आमचा तो कांद्याच्या टेम्पोचा रस्ता असाच निघाला. गावातल्या एका आजोबांनी सांगितलं की बहात्तर साली त्यांनी स्वतः तिथं मुरूम टाकला होता. पन्नास वर्षं गाव त्यावरून चालतंय. पण जिल्हा परिषदेच्या रस्ते विकास आराखड्यात त्याला क्रमांक नाही, म्हणजे तो योजनाबाह्य. आणि ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीतही, त्याची नोंद नाही. ज्याचं नाव वहीत नाही त्याच्यावर पैसा कुठल्या कायद्यानं खर्च करणार? केला तर आक्षेप ठरलेला. तीन कार्यालयांत दादांना जे उत्तर मिळालं, ते उर्मट असेल, पण खोटं नव्हतं.

घडी विस्कटली कुठं?

मुख्यमंत्रिपद सोडल्यावर १९७७ साली नाईकसाहेब वाशीमहून लोकसभेवर गेले. १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरला त्यांचं निधन झालं.

त्यांनी घालून दिलेली घडी नंतर तशीच राहिली नाही. १९७९ नंतर जिल्हा परिषदांच्या निवडणुका थेट १९९२ साली झाल्या. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू झाली. त्यामुळं राज्य निवडणूक आयोग आणि राज्य वित्त आयोग आले, महिलांना राखीव जागा मिळाल्या. पण १९९८ नंतर शेतीच्या बऱ्याच योजना जिल्हा परिषदेकडून राज्याच्या कृषी विभागाकडे गेल्या. चौदाव्या वित्त आयोगाचा, म्हणजे २०१५ ते २०२० चा, पैसा थेट ग्रामपंचायतीला मिळाला आणि जिल्हा परिषदेचा हात आखडला. आणि मार्च २०२२ मध्ये आपल्या जिल्हा परिषदेच्या सदस्यांची मुदत संपली, तेव्हापासून काही वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. रस्ते इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग म्हणून जिल्हा परिषदेकडेच, पण मागणी घेऊन जायला आपल्या गटाचा माणूस नाही, अशी ती वर्षं गेली. विधिमंडळाची समिती कितीही कडक असली तरी ती मोजके दिवसच येणार. रोजची राखण गावानंच करायची असते.

आता तुमचं काम

म्हणून मंडळी, पुढच्या ग्रामसभेत एवढं करा. नमुना २३ ची वही मागवा आणि आपल्या गावाचे सगळे रस्ते त्यात आहेत का, लांबी-रुंदीसह आहेत का, ते वाचून घ्या. जो नाही त्याचा ठराव घ्या. गावाबाहेरचा, दुसऱ्या गावाला किंवा मोठ्या रस्त्याला जोडणारा असेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे त्याला क्रमांक मिळावा म्हणून ठराव पाठवा आणि पोच घ्या. मागच्या लेखापरीक्षणात आपल्या ग्रामपंचायतीवर किती आक्षेप आहेत आणि किती मिटले, हेही विचारा. विचारणं म्हणजे सरपंचावर संशय घेणं नव्हे. चांगल्या सरपंचाला आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो, अशा विचारण्यानं बळच मिळतं.

त्या गावानं ठराव घेतला आहे. नोंद झाली, क्रमांकाचा प्रस्ताव गेला आहे, काम व्हायला वेळ लागेल. ग्रामसभेत दादा पहिल्या रांगेत बसले होते. ठरावाला सूचक म्हणून त्यांचं नाव लागलं, तेव्हा त्यांनी वही हातात घेऊन आपलं नाव बरोबर लिहिलंय ना, हे नीट पाहिलं आणि मगच सही केली. पुढच्या १ जुलैला फोटोला हार घालाल तेव्हा तुमच्याही गावातली एक वही उघडून पाहिलेली असू द्या.